चिमणी ते भट्टी

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. पाव आणायला सकाळी बेकरीवर गेलो, तर मालक गल्ल्यावर वर्तमानपत्र पसरून बसले होते. ९ जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम दिला होता की लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी व तंदुरवाल्यांनी सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा दुसरे स्वच्छ इंधन घ्यावे. महापालिकेने आधी वर्षाची मुदत दिली होती, ती न्यायालयाने अर्ध्यावर आणली. मालकांचे दादा उत्तर प्रदेशातून आले, आधी दुसऱ्याच्या भट्टीवर राबले, मग ही भट्टी घेतली. काळाचौकीत मी यांच्याकडूनच पाव घेत आलो आहे, रमजानमध्ये तर दिवसातून दोनदा. मला म्हणाले, "मास्टरसाब, सौ साल से शहर में धुआँ है. कानून को हमारी ही भट्टी दिखी?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. अशा प्रश्नाला नुसती मान हलवून निघून येणे मला जमत नाही. त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. धूर शंभर वर्षांहून जुना आहे. पण धुराचा कायदाही तेवढाच जुना आहे, आणि तो झाला तेव्हा त्याच्या नजरेसमोर बेकरी नव्हती, गिरणीची चिमणी होती.

लहानपणी मला वाटायचे की काळाचौकी हे नावच धुरामुळे पडले असावे. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर दुपारपर्यंत काजळीचे ठिपके पडत. अम्मी ते हाताने झटकत नसे, फुंकर मारून उडवी, कारण झटकले की डाग पसरतो. ही युक्ती गिरणगावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली, आणि शतक संपेपर्यंत परळ, लालबाग, चिंचपोकळी, घोडपदेव हा सारा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. बगदादहून आलेल्या ससून या ज्यू घराण्याच्या गिरण्या याच पट्ट्यात होत्या. त्या पुढे इंडिया युनायटेड या नावाने ओळखल्या गेल्या, आणि त्यांतल्या दोन व तीन नंबरच्या गिरण्या काळाचौकीत होत्या. कोळसा बंगालहून येई, समुद्रापलीकडूनही येई. रे रोडच्या बाजूला कोळसा बंदर हे नाव त्याची आठवण म्हणून राहिले आहे.

बंगाल सरकारने कलकत्त्याच्या धुरासाठी १९०५ साली कायदा केला, त्यानंतर सात वर्षांनी मुंबई सरकारने आपला धूर उपद्रव कायदा केला. साल १९१२. त्यासाठी कमिशन नेमले, निरीक्षक नेमले. त्या काळी धूर मोजायची जगभरची पद्धत मोठी मजेशीर होती. रिंगलमन नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांचा एक तक्ता केला होता. निरीक्षकाने तो लांब धरायचा, चिमणीकडे पाहायचे आणि धूर कोणत्या छटेचा ते वहीत लिहायचे. म्हणजे मोजायचा तो धुराचा रंग. त्याच्याखाली राहणाऱ्याच्या छातीत काय उतरले, हा प्रश्न तक्त्यात नव्हता. गिरणीमालकांनाही हे मोजमाप फारसे जड गेले नसावे असे मला वाटते, कारण काळा धूर म्हणजे न जळता वर गेलेला कोळसा, आणि कोळसा म्हणजे पैसा. बॉयलरवर नीट हात बसलेला माणूस ठेवला की मालकाचाही फायदा आणि कायद्याचेही समाधान.

या कायद्यातली एक गोष्ट मी बेकरीवाल्यांना मुद्दाम सांगितली. कायद्याने भट्टीची जी व्याख्या केली तीतून दोन अग्नी वगळले होते. एक स्मशानातली चिता, दुसरी खाजगी घरातली चूल. चितेचे कारण उघड आहे, लोकांच्या धर्मात हात घालायची सरकारची तयारी नव्हती. चुलीचे कारणही तसे उघडच आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत, खिडकी एक आणि माणसे आठ, कोळशाच्या शेगडीवर वाकून जी बाई दिवसातून तीन वेळा स्वयंपाक करत होती, तिचा धूर कायद्याच्या लेखी धूरच नव्हता. खानावळवाल्या बायकांची तर आणखी वेगळी कथा. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या कामगारांच्या वीस-वीस थाळ्या त्या एका खोलीत रांधत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेव्हा या बायकांच्या कर्जाचा आणि कमाईचा हिशेब पहिल्यांदा कोणी मांडला. त्यांच्या खोकल्याचा हिशेब मात्र कुठे मांडलेला माझ्या वाचनात नाही.

गिरणीचा धूर खरा कमी झाला तो कायद्यापेक्षा विजेने. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी अडवले, ते खोपोलीला खाली सोडले, आणि १९१५ च्या सुरुवातीला वीज परळच्या बाजूला पोहोचली. एकेक गिरणी आपले वाफेचे इंजिन बंद करून विजेच्या मोटारीवर आली. त्या काळात हवामान बदल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, पण आज ज्याला स्वच्छ ऊर्जेकडे जाणे म्हणतात ते मुंबईने तेव्हाच करून दाखवले होते. मात्र त्याची किंमत मुंबईने दिली नाही. आणखी वीज हवी म्हणून मुळशीचे धरण आले. शेतकऱ्यांची गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली जाणार हे दिसताच १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा मोडला आणि धरण झाले. काळाचौकीच्या सदऱ्यांवरचे ठिपके कमी व्हावेत म्हणून मावळातल्या कोणाची तरी जमीन बुडाली, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवले नाही. मी मात्र माझ्या वर्गात दर वर्षी शिकवत असे.

आणि धूर पूर्ण गेलाही नाही. माग विजेवर फिरू लागला तरी सुताला खळ लावायला, कापड धुवायला, रंगवायला वाफ लागतेच. त्यासाठी बॉयलर राहिले, त्यांत कोळसा आणि पुढे गंधकाचे प्रमाण भरपूर असलेले फर्नेस तेल जळत राहिले. शिवाय गिरणीच्या भिंतीच्या आत वेगळेच काही होते.

आमचे अब्बा सांचेखात्यात होते. सांचेखात्यात आपली माणसे बरीच, त्यांतले कित्येक मदनपुऱ्यातले. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर हातमाग सोडून गिरणीच्या मागावर उभे राहिले होते. थोरले चाचा ब्लोरूममध्ये होते. कापसाच्या गाठी फोडून, पिंजून जिथे साफ करतात ते खाते. तिथून बाहेर पडणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. सुट्टीचा दिवस घरी काढून चाचा कामावर गेले की संध्याकाळी छाती आवळल्यासारखी होई, अंग कसकसे. दुसऱ्या दिवशी जरा बरे, तिसऱ्या दिवशी आणखी बरे. पुढल्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. आम्ही पोरे म्हणायचो, चाचांना कामाचा कंटाळा आला की ताप येतो. खूप वर्षांनी मला कळले की या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हीच त्याची सुरुवातीची खूण. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे आत गेली की पुढे ती छाती आवळलेलीच राहते. गिरणीच्या दवाखान्यात चाचांना खोकल्याचे औषध मिळत असे, दुखण्याचे नाव कधी मिळाले नाही. नाव मिळाले असते तर भरपाईही मागता आली असती. ते वारले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते.

बाहेरचा धूर आणि माणसाची छाती यांची गाठ घालून पाहण्याचे मोठे काम झाले ते आमच्याच परिसरात, परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या हातून. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक माणसे तपासली आणि तीन वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. हवेतल्या सल्फर डायॉक्साइडच्या प्रमाणावरून मुंबईतले जास्त, मध्यम आणि कमी प्रदूषणाचे असे तीन भाग धरले, आणि तुलनेसाठी शहराबाहेरचा एक ग्रामीण भाग. जास्त प्रदूषणाच्या भागात धाप लागण्याची तक्रार शेकडा ७.३ माणसांना होती, कमी प्रदूषणाच्या भागात ३.२. जुना खोकला ५.१ आणि १.७. इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे. पण जुन्या ब्राँकायटिसचे आकडे पाहा. शहराच्या जास्त धुराच्या भागात ४.५, कमी धुराच्या भागात २.३, आणि जिथे एकही चिमणी नाही त्या खेड्यात ५.०. खेड्यात गिरणी नव्हती, पण चूल होती. १९१२ च्या कायद्याने वगळलेला धूर साठ-पासष्ट वर्षांनी असा आकड्यांत येऊन उभा राहिला. शास्त्रज्ञ कदाचित याची आणखीही कारणे सांगतील, पोषणाचे, बिडीचे. मी चुलीच्या बाजूने आहे.

पुढचा भाग सगळ्यांच्या आठवणीतला आहे, म्हणून लांबवत नाही. १९८१ साली देशात हवेच्या प्रदूषणाचा कायदा आला आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगावची हवा नंतरच्या वर्षांत सुधारली याचे श्रेय जो तो कायद्याला देतो. बॉम्बे हायचा गॅस आला, कमी गंधकाची तेले आली, हेही खरे. पण चिमणी थंड पडली ती प्रामुख्याने गिरणी बंद पडल्यामुळे. धूर गेला आणि भोंगाही गेला. अब्बा त्या हवेत मोकळा श्वास घेऊ शकत होते, फक्त जेवायचे काय हा प्रश्न होता.

कापड मात्र कुठे गेले नव्हते. ते भिवंडीला गेले. संपाच्या आधीपासूनच यंत्रमाग वाढत होते, संपात गिरणीमालकांनीच तिकडून माल विणून घेतला. १८५७ नंतर उत्तरेतून येऊन वसलेल्या मोमिनांचे ते गाव. माग गाळ्यात आणि माणूस त्याच गाळ्यात झोपलेला, अशी तिथली रीत. काळाचौकीत बॉयलरसाठी निदान उंच चिमणी होती. भिवंडीत सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या बुटक्या चिमण्या वस्तीतच, आणि बॉयलरमध्ये लाकूड, कोंडा, कधी हाती लागेल ते. मुंबईच्या हवेचे आकडे सुधारले तेव्हा भिवंडीचे बिघडले, पण दोन्ही शहरांची वही वेगळी असल्यामुळे ही वजाबाकी कोणी केली नाही. अब्बांचे दोन जोडीदार भिवंडीला गेले. त्यांच्या घरी जाऊन आल्यावर माझ्या रुमालावर तोच जुना काळा डाग दिसे.

मग टॅक्सीची पाळी आली. धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या संघटनेने १९९९ साली उच्च न्यायालयात याचिका केली, व्ही. एम. लाल समिती बसली, आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावे लागले. पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर बसला म्हणून बॅगा टपावर चढल्या, हे दृश्य त्या काळच्या मुंबईचे. टॅक्सीवाल्यांनी कर्ज काढले, पंपावर तासन्‌तास रांगा लावल्या, शिव्याही घातल्या. पण गॅस स्वस्त पडला, कर्ज फिटले आणि दिवसभर सिग्नलवर उभ्या राहणाऱ्या त्यांच्याच छातीला आराम पडला. या साऱ्या इतिहासात ज्याने बदल केला त्यालाच फायदा मिळाला, असे मला हे एकच उदाहरण सापडते.

आता हवामान धोरण. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने शहराचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचे असे त्यात ठरले. २०१९ सालचा हिशेब मांडला तो सुमारे २ कोटी ३४ लाख टनांचा, त्यात सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा इमारती-उद्योगांच्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा, आणि ती वीज बहुतांश कोळशाची. हवेची गुणवत्ता हा या आराखड्यातला एक स्वतंत्र विभाग आहे, आणि तो असणे योग्यच आहे, कारण जी आग कार्बन सोडते तीच बहुधा काजळीही सोडते. पण दोन्ही हिशेब नेहमी जुळत नाहीत, आणि बेकरीवाल्यांची अडचण तिथेच आहे.

बेकरीत जळणारे लाकूड बरेचदा पाडलेल्या इमारतींचे असते. खिडक्या, दरवाजे, खोकी, मोडके फर्निचर. ओंडक्यापेक्षा हे स्वस्त. कार्बनच्या वहीत असल्या लाकडाची नोंद फारशी जड नाही, ते कुजले असते तरी कार्बन सुटलाच असता. त्याऐवजी गॅस घ्या म्हटले तर तो जमिनीखालचा, म्हणजे कार्बनच्या वहीत नवा खर्च. छातीच्या वहीत मात्र उलट. रंग, व्हार्निश आणि प्लायचा डिंक लागलेले लाकूड जळते तेव्हा त्याच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची मर्यादा २००९ पासून ४० आहे. काजळी हवाही तापवते, म्हणून ती दोन्ही वह्यांत येते. हे मी मालकांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "गॅस की लाइन हमारी गली में कब आएगी?"

प्रश्न रास्त होता. १९१५ साली गिरणीला वीज मिळावी म्हणून सह्याद्रीत धरणे बांधली गेली. २०२५ साली बेकरीला नोटीस मिळाली. गिरणीमालकाला बदलाची सोय आधी झाली आणि कायद्याचा हात सैल राहिला. बेकरीवाल्याला मुदत आधी आली. पावाचा दर वाढला तर त्याची झळ वडापाववर दिवस काढणाऱ्याला लागणार. आणि भट्टीच धुराची मुख्य धनी आहे असेही नाही. रस्त्याची धूळ, बांधकामाची धूळ, गाड्या यांचा वाटा मोठा आहे. २०२२-२३ चा हिवाळा मुंबईला आठवत असेल. समुद्राचे वारे मंदावले आणि धूळ शहरावरच बसून राहिली. सफर या हवामापन यंत्रणेचे संस्थापक गुफ्रान बेग यांनी त्याचा संबंध सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निनाशी जोडला. म्हणजे प्रशांत महासागरात पाणी थंड झाले आणि काळाचौकीत म्हातारे खोकले. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले, मोठ्या जागांभोवती ३५ फूट उंच पत्रा, पाण्याचे फवारे. अभ्युदय नगर, चाळी, गिरण्यांच्या जमिनी, आमच्याकडे पुनर्विकासाचे बोलणे नाही अशी गल्ली शोधून सापडायची नाही. आणि जुन्या चाळी पाडल्या की त्यांच्याच खिडक्या भट्टीत जातात. ज्या गॅलरीत अम्मीचे कपडे वाळत, तिच्या कठड्याचे लाकूड कुठल्या तरी पावाखाली जळले असेल.

तरीही मी न्यायालयाच्या बाजूने आहे, आणि तेही मी मालकांना सांगितले. मला त्यांच्या भट्टीपेक्षा भट्टीवरचा पोटमाळा आठवत होता. तिथे कारागीर झोपतात. रात्री दोनला उठून कणिक मळतात, पहाटे भट्टीच्या तोंडाशी उभे राहतात आणि दिवसा त्याच धुरावर झोपतात. त्यांतला एक जण पाव मोजून देताना दोन वेळा थांबून खोकतो. तो खोकला मला ओळखीचा आहे. चाचांच्या वेळी आम्ही त्याला कंटाळा म्हटले होते.

मुदत जुलैत संपली. मालकांनी कर्ज काढून विजेची भट्टी बसवली. जुनी विटांची भट्टी त्यांनी पाडलेली नाही, तिच्या तोंडाशी मैद्याची पोती रचली आहेत. पावाला पहिल्यासारखी खरपूस चव नाही अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे, माझीही आहे. वीजबिल पाहून ते रोज एकदा उसासा टाकतात.

माझी मुलगी याच परिसरात एका टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर राहते. एका रविवारी मालकांना मी तिच्या घरी चहाला घेऊन गेलो. त्यांनी इतक्या उंचावरून आपला मोहल्ला कधी पाहिला नव्हता. आपल्या बेकरीचे पत्रे शोधून काढले, मग पूर्वेच्या खिडकीशी गेले. समोर शिवडीची खाडी, चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, आणि पलीकडे ट्रॉम्बेच्या उंच चिमण्या. तिथे कोळशावर वीज तयार होते, हे मी सांगितले. ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अच्छा, तो हमारी भट्टी का धुआँ अब वहाँ से निकलता है." मुलीने चहा आणला. खाली काळाचौकीच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर धूळ बसवत चालला होता.